धाकू घाडीचं गल्फ

रंगभूमीवर हयात गेली, त्यामुळे माणूस भेटला की माझं लक्ष आधी त्याच्या आवाजाकडे जातं, चेहऱ्याकडे मागाहून. धाकू घाडीच्या बाबतीत माझी पंचाईत झाली. त्याला आवाजच नव्हता. आमच्या मुलुंडच्या बागेत तो माळी म्हणून आला, तेव्हा कित्येक दिवस मी त्याला मुका समजत होते. किरकोळ अंगाचा माणूस, डोक्याला पंचा गुंडाळलेला, डावा खांदा उजव्यापेक्षा चांगलाच खाली उतरलेला. मी बाकावर बसून जुनी पदं गुणगुणत असायची. तो पाण्याची नळी घेऊन तिकडे यायचा आणि माझं कडवं संपेपर्यंत नळी दुसऱ्या झाडाकडे धरून उभा राहायचा. नाट्यगृहात तिकीट काढून आलेले प्रेक्षकसुद्धा इतके शहाणे मला क्वचित लाभले.

शेवटी मीच विचारलं, "अहो, तुम्ही बोलत का नाही?"

"सवय, बाईनु," तो हळूच म्हणाला. "सायब मारताना बोलूचा नसता."

मी घाबरलेच. कोण साहेब, कुणाला मारतो? मग हळूहळू उलगडा झाला. धाकू मालवणकडचा. तरुणपणी मुंबईला आला तो थेट चेंबूरच्या गोल्फच्या मैदानावर चिकटला, कॅडी म्हणून. म्हणजे साहेब लोक खेळणार आणि याने त्यांच्या काठ्यांची जाडजूड पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालायचं. साहेब चेंडूवर नजर लावून उभा राहिला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. असं अर्धं आयुष्य गेलं. खांदा पिशवीने खाली आला आणि आवाज शिस्तीने. पुढे ओळखीच्या कुणी तरी पालिकेच्या बागेत नोकरी लावून दिली आणि धाकूची पिशवी सुटली.

खेळ त्याला येत होता. मैदान बंद असायचं त्या दिवशी कॅडी मंडळी टाकून दिलेल्या काठ्यांनी खेळायची. पण त्याच्या बायकोने, जानकीने, तो खेळ एकदाच पाहिला होता, तोही कुंपणाबाहेरून, नवऱ्याचा विसरलेला डबा द्यायला गेली तेव्हा. घरी आल्यावर तिने विचारलं होतं, "इतके मोठे लोक, आणि गोट्ये खेळतत?"

जानकी हे मला सांगायची तेव्हा हसून तिचा पदर तोंडात जायचा. आपल्याकडे गोट्या किंवा विटीदांडू खेळताना जमिनीत छोटा खड्डा करतात ना, त्याला गल म्हणतात. तिथे जमिनीत खड्डे, त्यात चेंडू घालायचा, म्हणजे गलच की! "म्हणानच तेका गलफ म्हणतत," असा शोध जानकीने लावला आणि धाकूने तो निमूट मान्य केला. तेव्हापासून घाडी नवरा-बायकोंच्या भाषेत तो खेळ म्हणजे गलफ. बोलता बोलता त्याचं झालं गल्फ. या एका शब्दाने पुढे काय रामायण घडवलं, तेच सांगायला बसले आहे.

आमच्या बागेच्या मागच्या अंगाला एक पडीक तुकडा होता. मोडकी घसरगुंडी, गंजलेले झोपाळे, भरावाची माती. चौऱ्याऐंशी साली वरून हुकूम आला की तिथे हिरवळ करा. धाकूने हिरवळ केली, पण आपल्या मनातली. हरळी लावली, दगडी रूळ फिरवून फिरवून ती गालिच्यासारखी बसवली, मधेमधे अलगद उंचवटे ठेवले आणि डालड्याचे रिकामे डबे जमिनीत पुरून नऊ गली केल्या. आजूबाजूला इमारतींच्या काचा, त्यामुळे चेंडू हवेत उडवायचा नाही, फक्त सरपटत न्यायचा. चेंडू त्याच्याकडे होते. चेंबूरच्या झाडीत हरवलेले, साहेबांनी सोडून दिलेले, असे पत्र्याच्या ट्रंकेत भरून ठेवलेले. काठ्या ज्याच्या त्याने आणायच्या. आमच्या भागात कारखान्यांतली माणसं पुष्कळ, कुणी नळाच्या पाइपाला वाकड्या सांध्याचा तुकडा वेल्ड करून आणला, कुणी आजोबांच्या हातकाठीला लाकडी ठोकळा ठोकला.

प्रत्येक गलीजवळ निशाण हवं होतं. माझ्या ट्रंकेत एक जरीचा शालू होता. जर खोटी, पण दिव्यांत असा झळकायचा की राणीच वाटावी! तो नेसून मी गावोगावच्या रंगमंचांवर मेले आहे. धाकूला म्हटलं, घ्या, कापा. त्याने हात मागे घेतला. "नको बाईनु, तुमचा राजवस्त्र ता." मी म्हटलं, "अहो, राणी केव्हाच वारली, निशाणं तरी फडकू द्या." जानकीने नऊ तुकडे करून काठ शिवले.

मग संध्याकाळी काय मजा यायची! पेन्शनर, कारखान्यातले कामगार, भाजी विकून परत जाणाऱ्या बायका, सगळे पाइपा घेऊन रांगेत. सातव्या गलीला चढ होता. चेंडू वर जायचा, गलीच्या तोंडाशी क्षणभर थांबायचा आणि घरंगळत परत मारणाऱ्याच्या पायाशी यायचा. जानकीने तिचं नाव ठेवलं माहेरवाशीण. "कितीय धाडा, परत येता," म्हणायची. ही माहेरवाशीण एका फटक्यात नांदवायची एवढाच जानकीचा ध्यास. चार घरची धुणीभांडी आटोपून यायची, पदर खोचायची आणि मारायची. दर संध्याकाळी चेंडू परत.

बागेचा वॉचमन भीमराज खरात कुंपणाला टेकून शेरे मारायचा. भीमराज जालन्याकडचा. दुष्काळात आईबापांबरोबर मुंबईला आलेला, वाचणारा, भाषणं ऐकणारा माणूस. त्याचं आणि धाकूचं मैत्र म्हणजे एक बोलणार आणि दुसरा मान हलवणार.

"वहिनी, लेकीला सासरी ढकलताय की तोफ डागताय? जरा प्रेमानं."

"तू मारून दाखव रे, भाषण नको!" जानकी उलट फटकारायची.

असं सगळं झकास चाललेलं असताना जानकी चाळीच्या नळावर शेजारणीला, राधाला, सहज म्हणाली, "आमच्या ह्येंनी बागेत गल्फ काढल्यानी. लोकांची नुसती रांग लागता."

आता तो काळ आठवा. घराघरातून एक तरी माणूस दुबईला नाही तर मस्कतला निघालेला. गल्फ म्हटलं की टेपरेकॉर्डर, अत्तर आणि सोन्याची चेन. राधाने पदराला हात पुसले आणि तडक वाकोल्याला भाच्याकडे गेली. दुसऱ्या संध्याकाळी हा भाचा, नंदू, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पासपोर्ट आणि फोटो घेऊन बागेत हजर. मी बाकावरच होते, त्यामुळे हा प्रवेश पहिल्या रांगेतून पाहिला.

"काका, गल्फचं तुम्हीच बघता ना?"

धाकूने मान हलवली.

"कुठली जागा आहे?"

"नऊ आसत. खयची होई ती घे."

नंदूचे डोळे विस्फारले. "नऊ? यार, काका, मी वेल्डर आहे. चालेल ना?"

"वेल्डर बरो. काठी तुझी तूच आणूक होई."

"काठी? तिकडे देत नाहीत?"

"नाय. चेंडू आमी देतो."

नंदूने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून, "आणि काका, राहायचं-खायचं?"

"खावन ये," धाकू म्हणाला. "काळोखाच्या आधी घराक जायत."

मला हसू आवरेना. भीमराज तर गेटाचा खांब धरून खाली बसला. नंदूला खरं कळल्यावर तो आधी चिडला, मग म्हणाला, "वाट लागली, आता आलोच आहे तर मारून बघतो." तो पुढे आमच्यातलाच झाला. पण राधा त्याच्या एकट्याच्याच कानात बोलली नव्हती. वाकोला, घाटकोपर, कुठून कुठून माणसं यायला लागली. फिटर, गवंडी, एक स्वयंपाकी तर शिफारसपत्र घेऊन आला. भीमराज ओरडून दमला, "अरे बाबांनो, हे ते गल्फ नाही! इथं समुद्रच नाही, आखात कुठलं?" लोकांना वाटायचं, वॉचमन मुद्दामच परतवतोय. आणि व्हायचं तेच झालं. पालिकेच्या बागेत माळी परदेशी नोकऱ्यांची दलाली करतो, अशी कागाळी वर गेली.

चौकशीला उद्यान खात्याचे साहेब आले, चंद्रप्रकाश नेरूरकर. सफारी सूट, चकचकीत बूट, आणि बोलणं असं की जणू छापील परिपत्रक चालत आलंय. "सदर जागेत आपण कोणता व्यवहार करता, याचा खुलासा करावा."

धाकूच्या तोंडून शब्द फुटेना. साहेब समोर आला की गप्प, हे त्याच्या हाडात मुरलेलं. जानकी मात्र पुढे झाली आणि तिने साहेबांच्या हातात आपली पाइप दिली. "सायेब, ह्या मारून बगा. मगे काय ता समाजतला."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून मारलं. चेंडू गलीला वळसा घालून गेला. साहेबांनी पुन्हा मारलं. मग सफारीचं वरचं बटण सोडलं. माहेरवाशिणीपाशी पोहोचेपर्यंत बुटांना चिखल लागला होता आणि परिपत्रकाची भाषा पार गळून पडली होती. "अरेच्या! परत आला! थांबा, थांबा, अजून एकदा." काळोख पडायला लागला तेव्हा भीमराजने खाकरून बाग बंद व्हायची वेळ सांगितली.

खुलासा झाला. पण साहेब प्रेमात पडले, आणि मोठ्या माणसाचं प्रेम लहान माणसाला नेहमीच परवडतं असं नाही. पुढच्या वेळी ते दोन-चार प्रतिष्ठित मंडळींना घेऊन आले. मंडळींनी हिरवळीवर बूट फिरवून पाहिले, माना डोलावल्या. ठरलं ते असं: या तुकड्याला तारेचं कुंपण, लोखंडी दार, दाराला कुलूप. सभासद होईल तो खेळेल. पाइपा बंद, खऱ्या काठ्या. नेरूरकरांच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. एवढी सुंदर गोष्ट नीट जपली जावी, असंच त्यांना वाटत होतं. धाकूच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "घाडी, तुमची काळजी नको. तुम्हाला चेंबूरचा अनुभव आहे. सभासदांच्या पिशव्या तुम्हीच सांभाळायच्या. मानाचं काम."

धाकूचा खाली उतरलेला खांदा त्या हाताखाली आणखी खाली गेलेला मी पाहिला.

त्या संध्याकाळी जानकी खेळली नाही. नऊ निशाणांकडे बघत गवतावर बसून राहिली. "म्हणजे परत कुंपणाच्या भायरसून बघूचा," एवढंच म्हणाली.

धाकू तिच्याजवळ उभा होता. "पिशी मी परत उचलूचंय नाय, बाईनु," तो मला म्हणाला. "चेंबूराक उचललंय, ती माझी पोटाची नोकरी. तेचा काय नाय. पण हय कोणाची पिशी नाय, म्हणानच मी ह्या केलंय."

"मग हे बाईंना काय सांगतोस?" भीमराज कडाडला. "साहेबाला सांग! तोंड दिलंय ना? एक अर्ज लिहून देतो, सगळ्यांच्या सह्या घेऊ."

अर्ज गेला. साहेबांनी भीमराजला बोलावून प्रेमाने समजावलं की शिस्त सर्वांच्या हिताची असते. धाकू स्वतः दोनदा कचेरीत जाऊन आला. दोन्ही वेळा साहेबांनी "बोला" म्हटलं आणि दोन्ही वेळा हा पंचा हातात पिळत उभा राहून परत आला. भीमराजने कपाळ बडवून घेतलं.

कुंपण आलं, दार बसलं. उद्घाटन दसऱ्याला ठरलं. साहेब कुलूप-किल्ली सभासदांच्या हाती देणार, मी ईशस्तवन म्हणणार आणि नारळ धाकू वाढवणार. जागा त्याच्या हातची, म्हणून साहेबांनी तेवढा मान ठेवला होता.

आदल्या दिवशी धाकू माझ्या बाकाशी आला. बराच वेळ घुटमळला.

"बाईनु, नाटकात अगदी मागच्या माणसाक आयकाक जावचा तर काय करूचा लागता?"

मी चकित झाले. म्हटलं, "सोपं आहे. शेवटच्या रांगेत एक म्हातारा बसलाय, त्याला कमी ऐकू येतं, आणि तो आपल्या घरचा आहे असं समजायचं. ओरडायचं नाही. त्याला हाक मारायची."

"हाक मारूची," तो स्वतःशीच म्हणाला आणि गेला.

दसऱ्याच्या सकाळी बागेत झेंडूचा घमघमाट. दाराशी पाट मांडलेला. त्यावर सभासदांच्या नव्या काठ्या, आणि शस्त्रपूजेचा दिवस म्हणून जानकीने हळूच आपली पाइपही त्यांच्या शेजारी ठेवलेली, तिलाही झेंडूची माळ. एका बाजूला सभासद, कडक इस्त्रीतले. दुसऱ्या बाजूला आमचे सगळे पाइपवाले, शेवटचं बघून घ्यायला आलेले. मी स्तवन म्हटलं. साहेबांनी खूण केली. धाकू नारळ घेऊन पुढे आला.

आता कोकणची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिकडे शुभकार्याला नारळ नुसता फोडत नाहीत. आधी गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला मोठ्याने साकडं घालतो आणि दर मागण्याला जमलेली माणसं एकमुखाने म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हा होकार कोकणी माणसाच्या रक्तात असतो. मागणं संपलं की तो तोंडातून निघतोच, विचार करून कुणी देत नाही. आणि एकदा देवासमोर दिला की दिला.

धाकूने नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि हाक मारली.

काय आवाज होता तो! मी मोठमोठ्या नटांच्या शेजारी उभी राहिलेली बाई, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं साठवून ठेवलेला तो आवाज ऐकून बागेच्या पलीकडच्या रस्त्यावरची माणसं थांबली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा! आज दसऱ्याच्या दिसाक तुज्या पायाकडे ह्यो नारळ ठेवतंय, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

आमच्या गर्दीत निम्मी माणसं कोकणातली. "व्हय म्हाराजा!"

"ह्या बागेत येतीत-जातीत त्या पोराबाळांक, म्हाताऱ्या-कोताऱ्यांक सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बाकीचेही सामील झाले. नंदू तर मुठी वळून.

माझी नजर साहेबांवर गेली. नेरूरकरांनी हात जोडले होते. डोळे मिटले होते. ओठ हलत होते. अहो, नेरूरकर! कोकणातल्या नेरूरच्या माणसाने कितीही परिपत्रकं पाठ केली म्हणून काय झालं?

"आमच्या नेरूरकर सायबांक बढती मिळू दी, त्येंच्या घरात गोकुळ नांदू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांचा आवाज आता सरळ ऐकू आला.

धाकूने श्वास घेतला. अगदी मुरलेल्या नटासारखा, वाक्याच्या मापाचा.

"आणि ह्या दाराक कधी कुलूप लागू नये, हयल्या गलींत जेका खेळूचा हा तेनी खेळूचा, आणि कोणी कोणाची पिशी उचलूची नाय, अशी बुद्धी सगळ्यांक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, साहेबांचा होकार गेला.

नारळ फुटला. साहेबांनी डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं, पायऱ्या चढल्यासारखं. सभासदांपैकी एकाने विचारलं, "नेरूरकर, तुम्ही कशाला हो म्हणालात?"

ते काही बोलणार, तोच भीमराज पुढे झाला. "मी देव मानत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "देवानं ऐकलं का, मला माहीत नाही. पण साहेबांनी मंजूर केलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय." आणि दाराला लटकवलेलं नवं कुलूप काढून त्याने साहेबांच्या हातात ठेवलं. अगदी अदबीने.

साहेब कुलुपाकडे बघत राहिले. जानकीने नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

मग नेरूरकर हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग सफारी हलेपर्यंत. "घाडी," ते म्हणाले आणि त्यांच्या तोंडून प्रथमच गावची भाषा आली, "तुझो गाव खयचो रे? माझी म्हातारी आवस आज असती तर तुका नारळाबरोबर धोतराचो मान दिल्यान असतो." सभासदांकडे वळून म्हणाले, "माफ करा मंडळी. गाऱ्हाण्यात दिलेला होकार फिरवला तर माझ्या गावात मला कुणी दारात उभं करणार नाही." कुलूप त्यांनी खिशात टाकलं. काही सभासद रागावून गेले. दोघेजण राहिले, आणि त्यांनी आपल्या काठ्या आपणच उचलल्या.

धाकूने तो शेवटचा भाग मुद्दाम घातला होता, की भक्तीच्या भरात आला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. नटाला असलं विचारायचं नसतं. त्या दिवसानंतर तो पुन्हा पहिल्यासारखाच गप्प झाला.

दार उघडंच राहिलं. साहेब पुढे बदलून गेले, पण इकडे आले की काठी काखेत मारून बागेत डोकवायचे. अशाच एका संध्याकाळी ते धाकूशी मोठमोठ्याने मालवणीत गप्पा मारत उभे होते. पलीकडे जानकी माहेरवाशिणीसमोर पदर खोचून, पाइप धरून, चेंडूवर नजर लावून उभी.

धाकूने साहेबांच्या दंडाला हात लावला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"सायबानू, जरा गप. बायल मारता."

साहेब गप्प झाले. मीही कडवं अर्ध्यावर सोडलं. जानकीने अलगद मारलं. चेंडू चढ चढला, गलीच्या तोंडाशी पोहोचला, थांबला. आम्ही कोणीच श्वास घेत नव्हतो. आणि डालड्याच्या डब्यात टण्‌ असा आवाज झाला.